लांग्झाच्या उतारावरचा समुद्र

आज हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या लांग्झा गावाला आलोय. उंची सुमारे ४४०० मीटर, झाड औषधालाही नाही. कोल्हापूरच्या पावसात वाढलेल्या आम्हा मंडळींना हा उघडाबोडका डोंगर आधी परकाच वाटला.

मग गावातल्या एका ताईंनी हातावर काळा दगड ठेवला. त्यात अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाच्या समुद्री जीवाचा जीवाश्म! गोल वेटोळी आणि त्यांवर बोटाला लागणाऱ्या बारीक कडा. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी हा जीव टेथिस समुद्रात पोहत होता. पुढं भारताचा भूभाग आशियाला भिडला आणि समुद्राचा तळच हिमालयात वर आला.

मामा म्हणाले, "मग आपला पन्हाळा केवढा रं?" पन्हाळ्याच्या पोटातला काळा कातळ लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे हा दगड दुपटीहून जुना! आणि आपल्याकडं लाव्हा वाहत होता, त्याच सुमारास जगातले अमोनाइट संपले. ऐकून अंगावर काटा आला.

दगड ताईंना परत दिला. हे जीवाश्म विकत घेऊ नका, कळकळीनं सांगतोय. ते त्या डोंगराचेच आहेत.

कोल्हापूरहून कुणी येणार असाल तर खाली काझा गावात मुक्काम करून मगच वर चढा, विरळ हवेचा त्रास होतो.