नणंद-भावजयीची घड्याळं

रंकाळ्यावर पहाटे फेऱ्या मारणाऱ्या बायकांच्या मनगटावर हल्ली स्मार्टवॉच दिसतं. त्यातला आकडा बिघडला की काही जणी माझ्या दवाखान्यात येतात. त्या सोमवारी नणंद-भावजय दोघी एकदमच आल्या.

नणंद वीस वर्षांची, लांब पल्ल्याची धावपटू. दर महिन्यात काही दिवस तिच्या घड्याळातला एचआरव्हीचा आकडा घसरायचा आणि पळण्याचा सराव घेणारे सर ओरडायचे, "रात्री मोबाइल बघत बसतीस!" भावजयीची भीती वेगळी होती, पाळणा लांबवण्याच्या गोळीची. "माला-एन सुरू केली तवापासनं आकडा खालीच हाय. गोळीनं हार्ट कमजोर झालं काय, मॅडम? लई घाबरलो." गोळ्या बंद करायचं ठरवूनच ती आली होती.

निरोगी हृदयाचे ठोके एकसारख्या अंतरानं पडत नाहीत. श्वास घेताना ते जवळ येतात, सोडताना लांबतात. हा मिलिसेकंदांतला चढउतार म्हणजे एचआरव्ही, हार्ट रेट व्हेरिएबिलिटी. हृदयाला शांत ठेवणाऱ्या व्हेगस नर्व्हचा अंमल चांगला असला की ती वाढते. ताप, अपुरी झोप, अतिसराव यांनी घटते. त्यामुळे सरांची शंका अगदीच चुकीची नव्हती.

दोघींचा ईसीजी आणि बीपी पाहिलं, सगळं ठीक. मग पाळीच्या तारखा विचारल्या. नणंदेनं आधी वहिनीकडं बघितलं, मग मोबाइल उघडला. कोऱ्या कागदावर मी तिच्या गेल्या तीन महिन्यांचे सकाळचे आकडे मांडले आणि पाळीच्या दिवसांवर लाल खुणा केल्या. चित्र लगेच दिसलं. पाळी सुरू झाल्यावर रेघ वर, बीज सुटल्यानंतर खाली, पुढच्या पाळीला पुन्हा वर. तिन्ही महिने तेच.

बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं. अंगाचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसनं चढतं, विश्रांतीतली नाडी थोडी वाढते, व्हेगसचा जोर ओसरतो. झोपेत कुठं कसूर नव्हती. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सरांना सांगा हे," एवढंच म्हणाली.

भावजयीच्या रेघेचा आकार पार निराळा निघाला. घर एक, ताट एक, पहाटेची फेरीही एक, तरी निराळा! माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात : २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. हार्मोनच्या गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिओल हे इस्ट्रोजेन ०.०३ मिलिग्रॅम. त्या चालू असताना बीज सहसा सुटत नाही, म्हणून नणंदेसारखा मधला उतार तिच्यात नव्हता. तीन आठवडे रेघ सपाट आणि जरा खाली, लोहाच्या आठवड्यात वर. बाहेरून येणारं हार्मोन थांबलं की शरीर दाद देतं, ते तिच्याच कागदावर उमटलं होतं.

"मग गोळी वाईट न्हवं?"

नव्हे. एचआरव्ही थोडी उतरणं म्हणजे हृदयविकार नव्हे, आणि घड्याळाकडं बघून गोळी सोडणं म्हणजे नको असलेल्या गरोदरपणाला बोलावणं. जपायचं ते वेगळ्या गोष्टींना. इस्ट्रोजेनच्या गोळीनं रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो, काहींचं बीपी चढतं. पोटरी सुजून दुखली, एकाएकी दम लागला, छातीत कळ आली, तर लगेच दवाखाना गाठायचा. तंबाखू, मिश्री, डोळ्यांपुढं लखलख होऊन उठणारी अर्धशिशी, हेही विचारलं, काही नव्हतं. गोळी चालू ठेवली, बीपी अधूनमधून बघायचं ठरलं.

संध्याकाळी नणंदेनंच फोन लावून दिला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. तिचा आकडा गेल्या आठवड्याशी ताडू नका, गेल्या महिन्यातल्या त्याच टप्प्याशी ताडा, असं मी सुचवलं. ते उत्साहानं म्हणाले, "मग सगळ्या पोरींच्या तारखा रजिस्टरला लिहून घेतो."

त्याला मात्र मी ठाम नकार दिला. तारीख मुलीच्या स्वतःच्या वहीत राहू दे. तिनं "सर, आज हलकं पळते" म्हटलं, तर कारण न विचारता ऐका. ते जरा थांबले, मग विचारलं, "आणि ज्या सांगायला लाजतात त्यांचं काय?" पुढच्या रविवारी ग्राउंडवर येऊन मुलींशी मीच बोलेन, असं ठरलं, त्या वेळी सर चहाच्या गाड्यावर थांबणार.