इम्पॅक्ट फी: आमच्या कारेलीबागच्या घराचा अनुभव

आमच्या बडोद्यातल्या घराची रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, तळमजला आणि पहिला मजला एवढ्याचीच होती. गच्चीवरची खोली, तिचं बाथरूम आणि मागच्या मार्जिनमध्ये, म्हणजे घरामागे मोकळ्या सोडायच्या जागेत, पत्रे टाकून केलेली चोकडी (धुण्याभांड्याची जागा) हे सगळं सासऱ्यांच्या काळातलं, विनापरवाना. वेरा (घरपट्टी) मात्र पूर्ण बांधकामाचा भरत आलो, म्हणून घरात सगळेच निर्धास्त होते. पण वेरा आकारला म्हणजे बांधकाम मंजूर झालं असं नसतं. मुलाच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायला गेलो, तेव्हा बँकेने वेराबिल बाजूला ठेवलं आणि मंजूर नकाशा मागितला.

गुजरात सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अनधिकृत बांधकामं फी घेऊन नियमित करण्याचा वटहुकूम काढला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. बडोद्यात सगळे त्याला इम्पॅक्ट फीच म्हणतात. 1 ऑक्टोबर 2022 च्या आधी उभं असलेलं बांधकामच त्यात बसतं. अर्ज सरकारच्या ई-नगर पोर्टलवर करायचा. मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली, म्हणून आम्हाला ते जमलं.

अर्ज करायचा मालकाने, आणि प्रॉपर्टी कार्डावर नाव अजून सासऱ्यांचंच. आधी वारसाई, म्हणजे वारसांची नावं चढवणं, करावी लागली. भाऊजी पुण्याला असतात. त्यांनी सही-संमती विनातक्रार पाठवली. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. ज्यांच्या घराची वारसाई राहिली असेल, त्यांनी नकाशाच्या आधी तिच्याच मागे लागावं.

एका एजंटने सल्ला दिला, ‘‘बेन, चोकडी दाखवूच नका. एरिया कमी, फी कमी.’’ आमच्या इंजिनिअरकाकांनी कायद्यातला तक्ता समोर ठेवला. 50 चौरस मीटरपर्यंत सरसकट 3,000 रुपये, 100 पर्यंत 6,000, 200 पर्यंत 12,000. आमचं सगळं वाढीव काम मिळून 50 च्या आतच होतं. चोकडी लपवून एक रुपयाही वाचणार नव्हता, आणि लपवलेलं ते कायमचं अनधिकृत राहिलं असतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं: जे उभं आहे ते सगळं मोजून दाखवा. पार्किंग कमी पडलं तर त्याची फी वेगळी, जंत्रीवर (जमिनीच्या सरकारी दरावर) धरतात. आमचा पोर्च मोकळा होता म्हणून तो प्रश्न आला नाही.

खरी भीती चोकडीखालच्या गटाराची होती. सार्वजनिक ड्रेनेज लाइनवरचं बांधकाम नियमित होत नाही. काकांनी चोकडीतली फरशी उचलली, चेंबरचं झाकण काढलं आणि मला शेजारच्या बेनच्या मोरीत नीळ घातलेली बादली ओतायला पाठवलं. आम्ही चेंबरवर वाकून बघत होतो. पाणी स्वच्छच. मग आमच्या मोरीत ओतली, तेव्हा निळी धार आली. म्हणजे ती लाइन फक्त आमच्या घराची होती. सासूबाईंनी तिथेच देवाला हात जोडले.

बांधकाम जुनं आहे याचा पुरावा म्हणून आकारणीचे जुने कागद, खोलीच्या वेगळ्या मीटरची लाइट बिलं आणि गुगल अर्थवरची जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं काढली. त्या चित्रात गच्चीवरचा चौकोन अगदी स्पष्ट दिसतो.

बांधकाम मजबूत असल्याचं स्ट्रक्चरल सर्टिफिकेट मात्र काकांनी लगेच दिलं नाही. बाथरूमखालच्या बीमवर हातोडी मारली तर पोकळ आवाज आला, आणि प्लास्टर खरवडल्यावर गंजून फुगलेली सळई दिसली. बरेच जण नुसती सही आणून पुढे सरकतात. मला ते पटत नाही. त्या बाथरूमखालच्याच खोलीत सासूबाई झोपतात. आम्ही बीम दुरुस्त करून घेतला आणि मगच सही घेतली. तो खर्च फीच्या कितीतरी पट होता.

अर्ज भरल्यावर कॉर्पोरेशनचे लोक येऊन टेपने मोजून गेले. नकाशा आणि जागा जुळली, त्यामुळे चौकशी लांबली नाही. मागणीची नोटीस आली, फी भरली, काही काळाने नियमिततेचं प्रमाणपत्र मिळालं. एक प्रत बँकेला दिली, एक भाऊजींना पुण्याला पाठवली. सोसायटीतल्या अजून दोन घरांनी आता काकांकडून मोजणी सुरू केली आहे.