चार बोटे वर

जपानमधील चुंबकीय रेल्वेची चित्रफीत परवा दुपारी पाहत होतो. यामानाशीच्या चाचणीमार्गावर २०१५ साली ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठणाऱ्या या गाडीची मला भावलेली गोष्ट वेगळीच आहे: ती मार्गापासून जेमतेम दहा सेंटिमीटर वर तरंगते. धर्मराजाचा रथ चार बोटे वरून चालत असे आणि ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताच तो खाली टेकला, हे आजीकडून ऐकताना मला युद्धापेक्षा घोड्यांचीच काळजी वाटे. पुढे द्रोणपर्वात पाहिले, तर त्या क्षणी घोड्यांचेही पाय जमिनीला लागल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे व्यासांनी घोड्यांचा विचार केला होता!

लहानपणी नादुरुस्त स्पीकरमधून काढलेली दोन कड्यांसारखी चुंबके आम्ही पेन्सिलीत ओवत असू. वरचे चुंबक ऐटीत अधांतरी राही. पेन्सिल काढली की ते गर्रकन उलटे होऊन खालच्याला चिकटे. नुसत्या स्थिर चुंबकांच्या मांडणीने वस्तू अधांतरी टिकत नाही, असा निष्कर्ष ब्रिटिश गणितज्ञ अर्नशॉ यांच्या १८४२ सालच्या सिद्धांतातून निघतो, हे तेव्हा कोणी सांगितले असते, तर कितीतरी दुपारी वाचल्या असत्या. जपानी गाडीलाही ते अंतर फुकट मिळत नाही. तिच्यातील अतिवाहक, म्हणजे विजेला रोध न करणारी, चुंबके वेगाने पुढे सरकली, तरच बाजूच्या भिंतींतील वेटोळ्यांत वीज निर्माण होऊन गाडी उचलली जाते. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास पोहोचेपर्यंत ती बिचारी रबरी चाकांवरच धावते.

योगसूत्रांत आकाशगमनासाठी देह आणि आकाश यांच्या संबंधावर संयम, म्हणजे एकाग्र ध्यान, करण्यास, कापसाच्या हलकेपणाशी एकरूप होण्यास सांगितले आहे. नेदरलँड्समधील नायमेखन येथे १९९७ साली जिवंत बेडूक यांपैकी काहीही न करता तरंगला. सुमारे सोळा टेस्लांचे चुंबकीय क्षेत्र त्याच्या अंगातील पाण्याला किंचित दूर ढकलत होते, आणि तेवढे पुरेसे झाले. यम-नियम पाळणाऱ्यांना हे जरा लागावे.

दमयंतीला मात्र अधांतरी राहण्याचे काडीचे कौतुक नव्हते. स्वयंवरात नळाचे रूप घेऊन आलेल्या चार देवांचे पाय भूमीला टेकत नव्हते. तिने घामेजलेला, धुळीने माखलेला, जमिनीवर उभा असलेला नळ निवडला. देव रागावले नाहीत. उलट प्रत्येकी दोन वर देऊन गेले.