भूसुरुंग शोधणाऱ्या सोबतिणीला मानवंदना

गडचिरोलीच्या जंगलवाटांवर पोलीस तुकडीच्या पुढे चालून जमिनीत पुरलेले भूसुरुंग हुंगणारी आणि निवृत्तीनंतर आपल्या श्वान हस्तकाच्या, म्हणजे तिला हाताळणाऱ्या पोलिसाच्या घरी, आमच्याच गावात राहिलेली लॅब्राडोर आज गेली. जवानांनी पुष्पचक्र वाहून सलामी दिली आणि शेताच्या धुऱ्यावर, मोहाच्या झाडाखाली तिला मूठमाती दिली. १९९३ च्या साखळी बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांसाठी ३,३२९ किलो आरडीएक्स शोधणाऱ्या झंजीर या श्वानालाही २००० साली असाच सन्मानाचा निरोप मिळाला होता. स्फोटकांजवळ भुंकणे किंवा उकरणे जिवावर बेतू शकते, म्हणून वास लागताच शांतपणे बसून खूण करण्याचे शिक्षण तिला मिळाले होते. त्या बसण्यावर किती घरांचे कुंकू विसंबून असेल! अशा श्वानांच्या म्हातारपणातील औषधोपचाराचा भार एकट्या हस्तकावर पडू नये, असे मला मनापासून वाटते.