देहासह उठणे

‘आत्मा प्रभूकडे गेला’ एवढे सांगून ख्रिस्ती अंत्यविधीतले प्रवचन संपते, तेव्हा ते अर्ध्यावरच थांबले असे मला वाटते. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या जुन्या कबुलीत, आपण म्हणतो ते ‘देहाचे पुनरुत्थान’. आत्म्याच्या अमरत्वाचा उल्लेख त्यात नाही. देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग आणि मृत्यू म्हणजे त्यातून सुटका, हा विचार ग्रीक तत्त्वज्ञानात रुळलेला होता. त्यामुळे अथेन्समध्ये प्रेषित पौलाने मृतांच्या पुनरुत्थानाचा विषय काढताच काहींनी त्याची थट्टा केली, यात नवल नाही. खुद्द यहुद्यांतही परूशी आणि सदूकी या दोन पंथांपैकी परूशी पुनरुत्थान मानत आणि सदूकी ते नाकारत.

येशूने उठवलेला बेथानीचा लाजर चार दिवसांनी कबरेतून बाहेर आला, पण तो याच मर्त्य आयुष्यात परतला, हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले असताना, आणि पुढे कधीतरी त्याला पुन्हा मरायचे होतेच. ख्रिस्ताच्या कबरेत मात्र तागाची वस्त्रे मागेच पडून राहिली. उठलेला ख्रिस्त शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो, त्यांच्यातल्या थोमाला हातांवरचे व्रण दाखवतो, आणि तरीही दारे बंद असलेल्या खोलीत येऊन उभा राहतो. देह तोच आहे, पण त्याची अवस्था पालटली आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात पौल यासाठी पेरलेल्या दाण्याचा दाखला देतो. तिथले ‘आध्यात्मिक शरीर’ हे शब्द वाचून अनेकांच्या डोळ्यांसमोर धूसर छाया येते. पौलाला अभिप्रेत आहे तो पवित्र आत्म्याने जिवंत राखलेला, अविनाशी देह.

‘सार्वकालिक जीवन’ याचा अर्थ नुसता न संपणारा काळ असा घेतला, तर खरे सांगायचे म्हणजे मला त्याचा धाकच वाटतो. योहानाच्या शुभवर्तमानात त्याची व्याख्या वेगळी आहे: एकाच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखणे. विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात ‘पार गेला आहे’ असे योहान लिहितो, म्हणजे हे जीवन मरणाआधीच सुरू झालेले असते. लाजराच्या बहिणीला, मार्थेला, भाऊ शेवटच्या दिवशी उठेल हे ठाऊक होते. येशू तिला ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ असे वर्तमानकाळात सांगतो. आणि हे सांगितल्यावरही, लाजराच्या कबरेकडे जाताना, तो रडतो.