मसाई पठार: नकाशातली रेघ आणि पायाखालचा चिखल

"सोप्पं आहे, अर्ध्या तासात खाली" असं मसाई पठाराच्या कडेच्या उताराबद्दल ज्यानं ग्रुपवर लिहिलंय, तो एक तर एप्रिलात उतरला असेल, नाहीतर उतरलाच नसेल.

पन्हाळ्यावरून राजदिंडीच्या वाटेनं खाली, म्हाळुंगे गाव, मग पठार. इथवर कुणालाही जमेल, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. आम्ही गेलो होतो दगड बघायला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर खडकांचे नकाशे फुकट मिळतात, फक्त नोंदणी करावी लागते. ते मोबाईलवर घेऊन काळा दगड कुठं संपतो आणि जांभा कुठं सुरू होतो ते जागेवर ताडायचं, एवढाच बेत. नकाशात मामला सरळ दिसतो: खाली साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट, म्हणजे तोच काळा दगड, वर जांभा, मधे एक रेघ.

ती रेघ गाठायला पठाराच्या कडेवरून पायवाट सोडून उतरलो आणि तिथंच सगळ्यांची वाट लागली. कारण रेघेच्या जागी अख्खा थर आहे. पावसानं बेसाल्टमधली सिलिका धुऊन नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागं राहिलं, तो जांभा. त्याच्या पोटाखाली अर्धवट कुजलेला दगड असतो, पांढरट-जांभळट, बोटांत चोळला तर थेट गणपतीच्या शाडूसारखा. वरचा जांभा भोकाभोकांचा, पाणी थांबवत नाही. खालची ही शाडूसारखी माती मात्र थांबवते, मग पाणी आडवं बाहेर पडतं. पाऊस जाऊन आठवडा झाला होता तरी उतार झरतच होता. बुटाच्या खाचा दहा पावलांत भरल्या. कारवीला धरून, बसून, घसरत उतरलो. अर्धा तास म्हणे! दोन तास गेले आणि एकाची पँट कायमची गेली.

1:50,000 च्या नकाशात 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 50 मीटर. असल्या चढावर तेवढ्यात सगळा थर मावतो. तेव्हा रेघेच्या भरवशावर वाट काढू नका. उतारावर एका पातळीत झरे आणि हिरवा पट्टा दिसला की जांभा-बेसाल्टचा सांधा तिथंच आहे समजा, आणि लांबूनच बघा. पावसाळ्यात तर बिलकूल नको. 2021 च्या जुलैत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला होता, तो आठवा. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा.

बेसाल्ट नीट बघायचा तर घाटरस्त्याच्या कापांत बघा, फुकटात आणि उभ्यानं. किती जाड असतो म्हणाल, तर कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी बोअर मारली तेव्हा 930 मीटरच्या पुढं ग्रॅनाइट लागला. हे डोक्यात ठेवून पठारावर चाललं की लई भारी वाटतं, खोटं कशाला सांगू.

आता वडाप, म्हणजे सीटवर चालणारी खाजगी जीप. खाली चिखलात माखलेली माणसं दिसली की भाव चढतो. पन्हाळ्याला सोडायचे हजार मागितले. "मामा, सकाळी तीनशे होते की!" तर म्हणतात, "पावनं, सीट धुवायला लागंल." सहाशेवर तुटलं, तेही पोती अंथरून. जायच्या आधीच परतीचं ठरवून, नंबर घेऊन ठेवा. एसटीच्या नादाला लागू नका, संध्याकाळी भरवसा नाही. पाणी माणशी तीन लिटर, पठारावर सावली शून्य.