चोरलेल्या मुलखात 117 तास: जाणार असाल तर आधी हे वाचा

दाजी म्हणाले होते, "नॉर्मलवर टाका आणि निवांत खेळा. काय अवघड नाही."

पन्हाळा ते पावनखिंड जे चालले आहेत त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. मसाई पठार मागं पडलेलं असतं, बुटात पाणी, पोटऱ्या बोलायला लागलेल्या, आणि वाडीतला माणूस गोठ्यातून मान वर करून सांगतो, "हे काय आलंच की, हितनं दोन किलोमीटर." त्यानंतर तीन तास चालायचं. 'पाथफाइंडर: किंगमेकर' या कॉम्प्युटरवरच्या खेळात अडचणीच्या पातळीला दिलेला 'नॉर्मल' हा शब्द म्हणजे तो गोठ्यातला माणूस आहे.

मी हे पहाटे पावणेतीनला लिहितोय. तासाभरापूर्वी खेळातल्या शेवटच्या घरातून बाहेर पडलो. हात अजून माउसच्या आकारात आहेत. तेव्हा खाली कुठं आवाज चढला तर समजून घ्या.

खेळ 2018 चा आहे. सहा जणांची टोळी घेऊन स्टोलन लँड्स नावाच्या बेवारस मुलखात जायचं, तिथल्या स्टॅग लॉर्ड नावाच्या दरोडेखोराला हटवायचं, मग तो मुलूख तुमचा. पुढं तो सांभाळायचा. जुलैमध्ये पंचगंगेनं पात्र सोडलं, कामावर जायचे रस्ते बंद झाले, तेव्हा सुरू केला. पाणी उतरलं, गणपती बसले, उठले, दसरा झाला. 117 तास.

फासे काय असतात, हल्ला कसा मोजतात हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. नसेल येत तर आधी चार तास कुठल्याही तसल्या खेळात घालवा आणि मग या. चप्पल घालून कुणी पावनखिंडीला येत नाही.

सामान

एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, पाहिजे. हा सल्ला नाही, अट आहे. या खेळात दारातून आत गेलं की थांबा, बाहेर आलं की थांबा, राजवाड्यात शिरलं की थांबा. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर एका थांब्यात चहाचं आधण ठेवून, उकळून, गाळून व्हायचं. शेवटी राजारामपुरीतल्या एका दुकानात एसएसडी बसवायला गेलो. वस्तूची किंमत ठीक होती. मग बसवणावळ 700. मग "डेटा सुरक्षित ठेवायचे" वेगळे 500. माझा कुठला डेटा? दरोडेखोरांच्या गुहेबाहेर उभ्या असलेल्या सहा माणसांचा. चार स्क्रू आहेत हो, आणि तेही दोन त्यांनी परत लावले नव्हते. स्वतः बसवा. भावकीतलं पॉलिटेक्निकचं पोरगं एका मिसळीवर करून देतं.

खेळ सेलमध्येच घ्या. वर्षातून बरेचदा किंमत पार खाली येते. मी पूर्ण किमतीला घेतला, कारण पावसात माणसाची अक्कल दमट होते.

पहिला फटका: कोळ्यांची गुहा

ओलेग नावाच्या व्यापाऱ्याच्या ठाण्यावर बोकन नावाचा एक म्हातारा औषधवाला असतो. त्याला फँगबेरी हव्या असतात, त्या एका गुहेत मिळतात. वाचताना असं वाटतं की करवंदं आणायची आहेत. पहिलंच किरकोळ काम, म्हणून गेलो.

आत कोळ्यांचे थवे आहेत. थवा म्हणजे एक कोळी नव्हे, जमिनीवरून सरकणारी शेकडो कोळ्यांची चादर. तिच्यावर तलवार चालत नाही. कमी चालते असं नाही, अजिबात चालत नाही. माझ्या टोळीतली अमिरी भलीमोठी तलवार फिरवतेय, व्हॅलरी ढाल घेऊन उभी आहे, हॅरिम नेहमीप्रमाणं सर्वनाशाबद्दल बोलतोय, आणि सगळे मिळून शून्य. पाच वेळा मेलो. पाचही वेळा मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. ते चूक नव्हतं, ती मला कुणी न सांगितलेली गोष्ट होती. या दोन्हींत फरक आहे आणि माझी सगळी तक्रार त्या फरकाची आहे.

तोडगा सोपा आहे: एका जागी नव्हे तर एका पट्ट्यात लागणारं काहीतरी न्या. अल्केमिस्ट फायरच्या बाटल्या प्रत्येकाच्या कमरेला, बर्निंग हँड्स हा मंत्र येणारा एक जण. तेवढं असेल तर गुहा दोन मिनिटांची. पुढं जुबिलोस्ट नावाचा तुसडा बॉम्बवाला टोळीत येतो, मग थव्यांची चिंताच संपते. पण तो त्या गुहेच्या वेळी नसतो. सांगितलं ना, गोठ्यातला माणूस.

जोड

खासबागेत कुस्ती बघितलेल्यांना 'बॅलन्स' हा शब्द शिकवावा लागत नाही. आपल्याकडं त्याला जोड म्हणतात. वजन बघायचं, वय बघायचं, पोरगं कुठल्या तालमीचं, मागची कुस्ती कुणाशी सुटली ते बघायचं आणि मग हात मिळवायचे. साठ किलोच्या पोरासमोर शंभर किलोचा उभा केला तर पोरगं रडणार नाही, पब्लिकच आखाड्यात उतरेल. आणि जोड चांगली असेल तर हरलेल्या पैलवानाच्या फेट्यातही नोटा खोचतात. हरण्याचा राग नसतो कुणाला.

इथं जोड लावणारा माणूस मधूनमधून जेवायला जातो. तीन लढाया हातचा मळ, चौथीत एकदम असं काही समोर येतं की फासा 20 पडला तरच लागतं. मग परत तीन मळ. कठीण खेळ मला आवडतात. पण कठीण आणि बेभरवशाचा यांत मी गल्लत करत नाही.

आता हिशोब बघा, कारण हा हिशोब मला 40 व्या तासाला कळला आणि तिथून खेळ बदलला. तुमचा हल्ला +14 आणि समोरच्याचा एसी 32 धरा. (एसी म्हणजे आर्मर क्लास, फासा आणि हल्ला मिळून जो आकडा गाठायचा तो. गारव्याचा इथं काही संबंध नाही, घाम फुटतो.) वीस बाजूंच्या फाशावर 18, 19 किंवा 20 पडला तरच घाव लागणार, म्हणजे 15 टक्के. इथं आपण काय करतो? आणखी चांगली तलवार शोधतो. तिचा एखादा अंक वाढतो, 20 टक्के होतात. त्याऐवजी दोघांनी मिळून त्याला घेरा, +2. ग्रीज टाकून त्याला पाडा, पडलेल्याचा एसी जवळून मारणाऱ्यांसाठी 4 नं उतरतो. आता 12 पडला तरी पुरे, 45 टक्के. वर हेस्ट हा वेग वाढवणारा मंत्र टाकला की आणखी +1 आणि एक घाव जास्तीचा. तलवार तीच, माणूस तोच, तिप्पट काम.

ग्रीज हा पहिल्या पातळीचा, अगदी गरीब मंत्र आहे. घसरगुंडी. आपलीही माणसं त्यात घसरतात, तेवढं जपा. पण तालमीत म्हणतात तसं, वजन नसेल तर डाव पाहिजे. इथले डाव म्हणजे ग्रीज, घेरणं, आंधळं करणं. अदृश्य होणाऱ्यांसाठी ग्लिटरडस्ट. विषाला कम्युनल डिले पॉयझन. भुताखेतांच्या थडग्यात जायच्या आधी डेथ वॉर्ड. प्रत्येक मोठ्या कुलपाला एकच किल्ली आहे आणि ती बहुतेक वेळा तुमच्या खिशात असते. फक्त कुलूप कुठलं आहे ते आत अडकल्यावर कळतं. ट्रोल आग किंवा आम्लानं मरतात हे सगळ्यांना माहीत. म्हणून दुसऱ्या भागात आगीलाच न जुमानणारे ट्रोल ठेवलेत. तिथं आम्ल न्या.

राज्य

राज्याच्या खजिन्याला या खेळात बिल्ड पॉइंट म्हणतात, थोडक्यात बीपी. नाव बरोबर ठेवलंय. तो कमी होतो तेव्हा तुमचा वाढतो.

दोनच गोष्टी. एक, सल्लागाराचा दर्जा वाढवायला घेतला की 14 दिवस तुम्ही राजधानीत अडकता. तेवढ्यात मुलखात काहीही पेटू शकतं. म्हणून संकट नुकतं निस्तरलं असेल, पुढचं यायला वेळ असेल, तेव्हाच हे करा. मी भर संकटात केलं. प्रजेचा संताप वाढत जाऊन राज्य कोसळलं की खेळ तिथंच संपतो, मग तुमची तलवार कितीही लखलखीत असो. माझा 19 तासांचा खेळ असा गेला. रंकाळ्यावर जाऊन बसलो होतो त्या रात्री, भेळही घशाखाली उतरेना.

दोन, राज्यकारभार 'ऑटो'वर टाकायची सोय आहे. ती एकदा दाबली की परत हातात घेता येत नाही. त्यापेक्षा राज्याच्या अडचणीचं बटण वेगळं आहे, ते सर्वांत खाली आणा. काम तुमच्या हातात राहतं आणि डोकं शाबूत राहतं.

स्टॅग लॉर्डला हटवायला 90 दिवस देतात, त्याचा मात्र बाऊ करू नका. भरपूर आहेत. मी घाबरून धावत सुटलो आणि अर्धा मुलूख न बघता पुढं गेलो. चौथा भाग, पाचवा भाग छान आहेत, तिथं काही सांगण्यासारखं नाही. फिरा.

घर

आता मुद्द्यावर येतो.

हाउस ॲट द एज ऑफ टाइम. शंभर तास तुम्ही राजा आहात. दरबार आहे, सैन्य आहे, लोहार तुमच्यासाठी तलवारी घडवतोय. मग खेळ तुम्हाला एका घरात घालतो आणि मागचं दार लावून घेतो. परत राजधानी नाही. दुकान नाही. सल्लागार नाही. आत वाइल्ड हंट नावाचे शिकारी आहेत, त्यांची नुसती नजर पडली की तुमची माणसं जागच्या जागी थिजतात. एक थिजला, दोन थिजले, आणि बाण सुरू. संपलं की पुढच्या खोलीत तेच. त्याच्या पुढच्या खोलीत तेच, फक्त जास्त.

शिवाय कंदील. तो पेटवला की घराचं दुसरंच रूप दिसतं आणि तेच दार वेगळीकडं नेतं. कल्पना सुंदर आहे, खरंच. पहिली दहा मिनिटं मी तोंड उघडं टाकून बघत होतो. मग तीन रात्री मी त्याच चार खोल्यांत फिरलो. बायको सकाळी उठली तेव्हा मी वहीवर दारांचा नकाशा काढत होतो. तिनं नकाशा बघितला, मला बघितलं, आणि काही न बोलता दूध आणायला गेली.

जायच्या आधी:

नजरेवर उपाय आहे. ब्लाइंड-फाइट नावाचं कौशल्य. नाव वाचून वाटतं अंधारात लढायचं असेल, कोण घेतंय. पण ते असलेल्यावर नजरेचा मारा चालत नाही. पुढच्या फळीतल्या प्रत्येकाला ते वेळीच द्या. माझ्या सहापैकी एकाकडं होतं, तेही चुकून दाबलं गेलेलं. बाकीच्यांसाठी फ्रीडम ऑफ मूव्हमेंट हा मंत्र, जितके मिळतील तितके.

शिधा न्या. बंदिस्त जागेत शिकार करून पोट भरता येत नाही, मुक्कामाला बरोबरचाच शिधा लागतो, आणि तो जड असतो. लुटीतलं भंगार आधीच विकून पिशव्या मोकळ्या करा. मी सोन्याच्या मूर्ती घेऊन आत गेलो होतो. तिथं कुणाला विकणार?

साथीदारांची वैयक्तिक कामं अर्धवट ठेवू नका. त्यांचा हिशोब या घरात होतो आणि काही जण परत येत नाहीत. माझी दोन माणसं गेली. कोण ते सांगत नाही, पण त्यातल्या एकाशी मी 90 तास बोलत होतो.

आणि सेव्ह. दारात पाऊल टाकायच्या आधी एक वेगळा सेव्ह करा, त्याला नाव द्या, त्याला परत हात लावू नका. 'लास्ट अझलांटी' प्रकारात एकच सेव्ह असतो. तो प्रकार घेऊन जाणाऱ्यांना माझा सल्ला लागू नाही, त्यांना कुणाचाच लागू नाही.

एवढं करूनही जमलं नाही तर अडचण उतरवा. स्टोरी, ईझी, नॉर्मल, चॅलेंजिंग, हार्ड, अनफेअर अशा पायऱ्या आहेत आणि मधेच खाली येता येतं. मी तिसऱ्या रात्री 2 वाजता ईझीवर आलो. कुणी फेटा काढून घेतला नाही. 2020 मध्ये आळीपाळीनं खेळायचा प्रकारही त्यात आला, अडलेल्या लढाईपुरता तो चालू करा. पण सगळा खेळ तसा खेळाल तर पुढचा दसरा उजाडेल.

मागच्या रविवारी दाजींना विचारलं, "दाजी, त्या घरात तुम्ही काय केलं होतं?" ते म्हणाले, "कुठलं घर?" स्टॅग लॉर्ड मेल्यावर त्यांना वाटलं खेळ संपला. त्यांनी काढून टाकला होता.

पुन्हा जाणार का? आत्ता विचाराल तर नाही. मघाशी घराबाहेर आलो आणि आभाळ दिसलं तेव्हा मात्र मी घरात एकटाच जोरात ओरडलो, शेजारच्यांचा दिवा लागला. तेव्हा विचारलं असतं तर हार्डवर हो म्हटलं असतं.

घराच्या आधीचा माझा सेव्ह आहे, ब्लाइंड-फाइट नसलेला, मूर्तींनी भरलेला. सरावाला हवा असेल तर पेन ड्राइव्ह घेऊन या. रविवार दुपार सोडून, मटण असतं.